पांढऱ्या डब्याचा जमाखर्च

एप्रिल २००८ मध्ये 'ओकामी' हा गेम अमेरिकेत निन्टेंडोच्या वी या कन्सोलसाठी विक्रीला आला. वेष्टनावर पांढऱ्या लांडग्याचे देखणे चित्र होते. ते निरखून पाहिले की लांडग्याच्या तोंडाजवळ फिकट अक्षरांत 'आयजीएन' अशी खूण दिसे. आयजीएन हे गेमच्या बातम्या आणि परीक्षणे देणारे संकेतस्थळ. गेम होता कॅपकॉम या जपानी कंपनीचा. म्हणजे कॅपकॉमचा गेम, कॅपकॉमचेच चित्र, आणि छपाईसाठी ते उचलले दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून, त्याच्या शिक्क्यासकट. बोभाटा झाल्यावर कंपनीने ग्राहकांना नवी वेष्टने फुकट देऊ केली.

हा गेम मुळात २००६ साली प्लेस्टेशन २ वर आला होता. तो घडवणारा क्लोव्हर स्टुडिओ कॅपकॉमने त्यानंतर वर्षभरात बंद केला. वीवरची आवृत्ती कॅलिफोर्नियातल्या रेडी अॅट डॉन या कंपनीने बेतली. अमेरिकी आवृत्तीतून शेवटची श्रेयनामावलीच गायब होती. तिच्यात क्लोव्हरचे बोधचिन्ह असल्याची सबब कॅपकॉमने दिली. मूळ दिग्दर्शक हिदेकी कामिया यांनी आपली नाराजी लपवली नाही. गेम उत्तमच होता आणि परीक्षकांनी वाखाणलाही. तरीही वेष्टनावर एक माणूस अर्धा दिवस जास्त बसला नाही, हे त्या फिकट खुणेवरून कळते. काटकसर कुठवर गेली होती, याचा इतका बोलका पुरावा क्वचित मिळतो.

वीसाठी हजाराच्या वर गेम निघाले. त्यांतले बाहेरच्या कंपन्यांचे, म्हणजे निन्टेंडोने स्वतः न बनवलेले, बरेचसे गेम कमी खर्चात उरकलेले होते, याबद्दल त्या काळच्या खेळाडूंत दुमत नव्हते. मतभेद होता तो कारणाबद्दल. मराठी इतिहासाच्या वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक समजावून सांगायला नको. या विषयाच्याही बखरी आहेत. एक बखर सांगते की बाहेरच्या कंपन्या आळशी आणि लोभी होत्या. दुसरी सांगते की वी घेणारे लोक म्हणजे आजीआजोबा आणि पोरेबाळे, त्यांना बऱ्यावाईटाची पारख नव्हती. दोन्ही बखरी घटना होऊन गेल्यावर रागाच्या भरात रचलेल्या आहेत. अस्सल कागद निराळे बोलतात.

हे कागद चार प्रकारचे आहेत. पहिला प्रकार म्हणजे निन्टेंडोने भागधारकांसाठी छापलेले विक्रीचे तक्ते. दुसरा, कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःच्याच अभियंत्यांच्या घेतलेल्या आणि कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या मुलाखती, शिवाय त्यांची जाहीर भाषणे. घरचेच लोक घरच्यांना प्रश्न विचारत असल्याने त्यांतल्या कौतुकावर विसंबता येत नाही, पण यंत्राबद्दल ते काय ठरवत होते आणि का, एवढ्यापुरती ही साक्ष भक्कम आहे. तिसरा प्रकार अमेरिकी प्रकाशक कंपन्यांनी तिथल्या रोखे बाजार नियामकाकडे कायद्याने दाखल केलेली निवेदने आणि त्यांना जोडलेले करार. खोटे लिहिले तर खटला होतो, म्हणून या कागदांचे वजन सर्वांत जास्त. चौथा प्रकार न्यायालयाचे निकाल. त्यांतला एक वीच्या चौदा वर्षे आधीचा आहे आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.

१० सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने अटारी गेम्स विरुद्ध निन्टेंडो या खटल्यात निकाल दिला. वाद होता निन्टेंडोच्या कन्सोलमधल्या कुलपाचा. परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट त्या यंत्रात चालू नये म्हणून निन्टेंडोने एक सांकेतिक प्रोग्रॅम घातला होता. अटारीने त्याची प्रत कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवली, असे न्यायालयाने नोंदवले. आपल्याला त्या भांडणाशी कर्तव्य नाही. आपल्या कामाचा आहे तो निकालात पूर्वपीठिका म्हणून आलेला मजकूर. डिसेंबर १९८७ मध्ये अटारीने निन्टेंडोचा परवाना घेतला तेव्हाच्या अटी तिथे नोंदल्या आहेत. गेम अटारीने बनवायचा. निन्टेंडो तो आपल्या कॅसेटमध्ये भरून अटारीलाच परत विकणार. मग अटारीने तो बाजारात न्यायचा. कोणत्याही परवानाधारकाला वर्षाला पाचच नवे गेम काढता येतील. आणि एकदा काढलेला गेम दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही घरगुती कन्सोलवर न्यायचा नाही.

या अटी जाचक होत्या खऱ्या, पण त्यांना इतिहास होता. १९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी अॅक्टिव्हिजन काढली. ही पहिली बाहेरची कंपनी. अटारीने तिला कोर्टात खेचले आणि १९८२ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर कोणीही उठावे आणि अटारीच्या यंत्रासाठी गेम काढावा असा प्रकार सुरू झाला. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. निन्टेंडोने धडा घेतला तो हा. पाच गेमच्या मर्यादेचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. वर्षाला पाचच फटाके उडवायचे असतील तर फुसका फटाका निवडणे परवडत नाही. कोनामीला पाच अपुरे पडले तेव्हा तिने 'अल्ट्रा' नावाची दुसरी पाटी लावून आणखी पाच मिळवले. अर्थात त्या काळीही भिकार गेम निघालेच. पण खोगीरभरतीला छत होते.

पुढच्या काळात ते छत गेले. संख्येची मर्यादा उठली आणि अमेरिकेत वेष्टनावर असणाऱ्या निन्टेंडोच्या शिक्क्यातून 'दर्जा' हा शब्दही २००३ मध्ये वगळण्यात आला. तपासणी उरली ती तांत्रिक. गेम अडकत नाही ना, नियमांप्रमाणे चालतो ना, एवढीच. करारातली एक गोष्ट मात्र टिकून राहिली. गेमची प्रत निन्टेंडोच बनवणार, किमान संख्येची मागणी नोंदवावी लागणार, पैसे आधी भरावे लागणार, आणि न खपलेला माल परत घेतला जाणार नाही. नोंदणीकृत अमेरिकी प्रकाशकांनी दाखल केलेल्या कागदांत वीचा परवाना करारही सापडतो. त्यात दराच्या जागी नुसत्या फुल्या आहेत. व्यापारी गुपित म्हणून ते आकडे झाकायची मुभा नियामकाने दिली होती. पण फुल्यांच्या आजूबाजूचा मजकूर पुरेसा आहे. बाहेरच्या कंपनीचे पैसे गेम दुकानात जाण्याआधीच अडकतात आणि तो हिस्सा तिच्या हातात नाही. जाहिरातीत काटछाट केली तर गेम कोणाला कळत नाही. मग खर्च कमी करायचा तर कुठे, हे उघड आहे.

हाच व्यवहार १९९० च्या दशकात एका मोठ्या कंपनीला दूर घेऊन गेला होता. निन्टेंडो ६४ हे १९९६ चे यंत्र कॅसेटवरच अडून बसले. तोवर सोनीचे प्लेस्टेशन सीडीवर चालत होते. सीडी कॅसेटच्या कित्येक पट स्वस्त, भराभर छापता येणारी आणि साडेसहाशे मेगाबाइट मावणारी. निन्टेंडोची मोठ्यातली मोठी कॅसेट ६४ मेगाबाइटची. स्क्वेअर कंपनीने आपला 'फायनल फँटसी ७' प्लेस्टेशनकडे नेला आणि जानेवारी १९९७ मध्ये तो तीन सीडींवर आला. निन्टेंडो ६४ ची विक्री ३ कोटी २९ लाखांवर थांबली आणि प्लेस्टेशनने १० कोटींचा आकडा पार केला. त्यानंतरचे गेमक्यूब तर २ कोटी १७ लाखांतच आटोपले. वीचा हिशेब करताना प्रकाशकांच्या डोळ्यांसमोर हे शेवटचे आकडे होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

आता वी. १९ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत ते २५० डॉलरला विक्रीला आले. त्याच आठवड्यात आलेले प्लेस्टेशन ३ होते ५०० आणि ६०० डॉलरला. यंत्रांच्या आतला फरक किमतीपेक्षा मोठा होता. प्लेस्टेशन ३ आणि वर्षभर आधी आलेले एक्सबॉक्स ३६० या दोन्हींत ५१२ मेगाबाइट मेमरी होती, वीमध्ये ८८. ती दोन्ही यंत्रे हाय डेफिनिशन चित्र देत, वी जुन्या दूरचित्रवाणीच्या दर्जावर थांबले. त्याच्या प्रोसेसरचा वेग ७२९ मेगाहर्ट्झ, गेमक्यूबचा ४८६. चित्र काढणाऱ्या चिपचा वेग २४३, गेमक्यूबचा १६२. दोन्ही जोड्यांचे गुणोत्तर काढून पाहा, बरोबर दीडपट येते. निन्टेंडोने हे वेग जाहिरातीत छापले नाहीत. का छापले नाहीत ते समजण्यासारखे आहे. आतले यंत्र गेमक्यूबच्याच घराण्यातले होते आणि वीमध्ये गेमक्यूबच्या चकत्या तशाच चालत.

हे गरिबीमुळे झाले नव्हते. इवातांनी घेतलेल्या मुलाखतींत यंत्रविभागाचे प्रमुख गेन्यो ताकेदा सविस्तर सांगतात की चिप आणखी वेगवान करण्याची ठरलेली वाट त्यांनी जाणूनबुजून सोडली. नव्या तंत्राने मिळणारी सवलत त्यांनी वेग वाढवण्यासाठी न वापरता वीज वाचवण्यासाठी वापरली. डबा दोन-तीन डीव्हीडीच्या वेष्टनांएवढाच जाड असावा अशी अट होती, आणि रात्रभर चालू राहिला तरी घरातल्या आईने कुरकुर करू नये अशी अपेक्षा. नवी गोष्ट होती ती हातात धरून हलवायच्या रिमोटची.

निन्टेंडोच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय हुशारीचा होता. बाहेरच्या कंपनीच्या टेबलावरून मात्र तो वेगळा दिसतो. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठी एकच गेम थोड्याफार फेरफाराने काढता येई. पात्रांची चित्रे, इमारती, हालचाली, सगळे एकदाच बनवायचे आणि दोन बाजारांत विकायचे, बहुधा पीसीच्या तिसऱ्या बाजारातही. त्या पिढीतले सर्वाधिक वापरलेले अनरियल ३ हे इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो तो तयार सांगाडा, या दोन्ही कन्सोलवर होते, वीवर नव्हते. म्हणजे वीसाठी काही करायचे तर वेगळे इंजिन, वेगळी चित्रे, रिमोटमुळे वेगळे नियंत्रण आणि त्यासाठी वेगळा चमू. हा सगळा खर्च एकाच कन्सोलच्या विक्रीतून काढायचा. त्यात वीवरच्या गेमची पूर्ण किंमत ५० डॉलर, तर इतर दोन्हींवर ६०. प्रत्येक प्रतीमागे दहा डॉलर सुरुवातीलाच कमी. वीसाठी गेम करायला इतरांच्या चौथाई ते निम्मा खर्च येतो, असा अंदाज तेव्हा धंद्यात सर्रास सांगितला जाई. तो यंत्राचा गुण म्हणून सांगत. पण याच वाक्याचा दुसरा अर्थ असा की त्याहून जास्त खर्च केला तर तो निघणार कुठून, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

यानंतरचा मुद्दा तारखांचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक तोच. मोठा गेम घडवायला दीड-दोन वर्षे सहज लागतात. २००७ च्या दिवाळी-नाताळात दुकानात काय असेल हे २००५ मध्येच ठरते. २००५ साली निन्टेंडो कोण होती? गेमक्यूबवर मार खाल्लेली कंपनी. तिने नवा कंट्रोलर पहिल्यांदा दाखवला सप्टेंबर २००५ मध्ये, टोकियो गेम शोमध्ये, आणि 'वी' हे नाव जाहीर झाले एप्रिल २००६ च्या अखेरीस. तोवर मोठ्या कंपन्यांचे पैसे आणि माणसे दुसऱ्या दोन यंत्रांवर लागून चुकली होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या त्या काळच्या बलाढ्य प्रकाशकाचे उदाहरण घ्या. वीसाठी खास माणसे हवीत म्हणून तिने हेडगेट हा छोटा स्टुडिओ विकत घेतला डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे वी बाजारात आल्यानंतर. हलक्याफुलक्या गेमचा स्वतंत्र विभाग काढला जून २००७ मध्ये. एप्रिल २००७ मध्ये प्रमुखपदी परतलेल्या जॉन रिचिटिएलो यांनी वीचा अंदाज चुकल्याचे उघड मान्य केले.

मग पहिल्या दिवशी दुकानात ठेवायचे काय? हाताशी जे होते ते. युबिसॉफ्टने 'रेड स्टील' हा खास वीसाठी बनवलेला गेम आणला हे तिच्या खात्यावर जमा करायला हवे. पण त्याच कंपनीचा 'जीटी प्रो सीरिज' हा जपानमध्ये गेमक्यूबवर येऊन गेलेल्या गेमला स्टिअरिंगचे प्लॅस्टिक चाक जोडून काढलेला होता. डिसेंबर २००६ मधला 'फार क्राय व्हेंजन्स' इतका ओबडधोबड होता की परीक्षकांनी त्याची सालटी काढली. गेमक्यूब आणि प्लेस्टेशन २ साठी बनलेले साहित्य वीवर आणणे सोपे होते आणि सगळ्यांनी तेच केले. वीचे यश हे या अंदाजपत्रकांचे कारण नव्हते. यश यायच्या आधीच ती मंजूर झालेली होती. लोभाची बखर इथे ढासळते. लोभ असता तर त्यांनी जास्त पैसे लावले असते.

लोभ आला तो नंतर, २००७ च्या उत्तरार्धात. ऑगस्टमध्ये टेक-टू कंपनीने 'कार्निव्हल गेम्स' काढला. जत्रेतले चेंडूफेक, रिंगफेक असले खेळ, एका लहान स्टुडिओने बनवलेले. परीक्षकांनी नाके मुरडली आणि गेम दहा लाखांच्या पार गेला. याच टेक-टूने एप्रिल २००८ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' आणला. त्याचा खर्च सुमारे १० कोटी डॉलर असल्याचे त्याचे निर्माते लेस्ली बेंझीस यांनी सांगितले होते. तो एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर आला, वीवर नाही. एकाच घरातली ही दोन अपत्ये शेजारी ठेवली म्हणजे धोरण आपोआप दिसते. मोठी पैज जिथे दोन यंत्रांवर वाटता येते तिथे लावायची. वीवर लहान पैज लावायची, कारण ती बुडाली तरी कोणाची नोकरी जात नाही. मिडवे कंपनीने 'गेम पार्टी' हा असाच किरकोळ खेळांचा गठ्ठा काढला आणि तो खपला. पण तेवढ्याने कंपनी तरली नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तळ गाठला तो ब्रिटनमधल्या डेटा डिझाइन इंटरॅक्टिव्हने. 'निंजाब्रेड मॅन', 'अनुबिस २', 'रॉक अँड रोल अॅडव्हेंचर्स' आणि 'ट्रिक्सी इन टॉयलँड' हे तिचे चार गेम. एकात आल्याच्या बिस्किटाचा योद्धा, दुसऱ्यात इजिप्तचा देव, तिसऱ्यात गिटारवाला, चौथ्यात परी. सांगाडा चौघांचा एकच. एक खेळला की चारही खेळून झाले. शिवाय हे इंजिन आणि हे गेम मुळात प्लेस्टेशन २ च्या काळातले. म्हणजे एकदा केलेल्या खर्चावर दोन यंत्रांत मिळून कितीतरी वेळा विक्री. असे गेम निन्टेंडोच्या तपासणीतून सुटले कसे, असा प्रश्न तेव्हा विचारला जाई. उत्तर वर येऊन गेले आहे. ते गेम अडकत नव्हते.

या सगळ्यात निन्टेंडो निर्दोष होती का? २३ मार्च २००६ रोजी सॅन होजे इथे गेम बनवणाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत इवातांनी केलेले भाषण हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद आहे. वी बाजारात यायला आठ महिने होते. भाषणात त्यांनी डीएस या छोट्या कन्सोलवरच्या मेंदूच्या व्यायामाच्या गेमची जन्मकथा सांगितली. तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक र्‍युता कावाशिमा यांच्याशी झालेली भेट, नऊ जणांचा चमू, सुमारे तीन महिन्यांचे काम. श्रोत्यांना त्या गेमच्या प्रती वाटण्यात आल्या. संदेश उघड होता. पैसा नको, कल्पना आणा. खर्चाच्या शर्यतीने लहान कंपन्या मरत आहेत आणि त्यांच्यासाठी आम्ही दार उघडतो आहोत, असे ते अनेक व्यासपीठांवर सांगत होते. मेंदूचा तो गेम पुढे जगभर १ कोटी ९० लाख खपला, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला पुरावाही होता. पण नऊ माणसांच्या त्या चमूच्या मागे निन्टेंडोची अनुभवी मंडळी, कंपनीचा अध्यक्ष आणि जाहिरातीची तिजोरी होती. बाहेरच्यांनी भाषणातली 'नऊ माणसे आणि तीन महिने' एवढीच ओळ उचलली. दार उघडे ठेवणाऱ्याने कोण आत येते याकडे पाहायचे असते. निन्टेंडोने ते पाहिले नाही, आणि प्रत्येक प्रतीमागे तिचा वाटा मिळतच होता.

दुसरा आरोप आकड्यांचा आहे. निन्टेंडोच्या तक्त्यांनुसार वीची एकूण विक्री १० कोटी १६ लाख आणि त्यासाठीच्या गेमची ९२ कोटी १८ लाख. सरासरी एका डब्यामागे नऊ गेम. ही सरासरी चांगलीच म्हणायची. मग पाच नावे काढून बघू. 'वी स्पोर्ट्स' ८ कोटी २९ लाख, 'मारिओ कार्ट वी' ३ कोटी ७४ लाख, 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट' ३ कोटी ३१ लाख, 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी' ३ कोटी ३ लाख, 'वी प्ले' २ कोटी ८० लाख. बेरीज २१ कोटी १७ लाख, म्हणजे एकूण विक्रीच्या तेवीस टक्के. पाचही गेम निन्टेंडोचे. 'वी स्पोर्ट्स' बहुतेक देशांत डब्याबरोबरच मिळे आणि 'वी प्ले' रिमोटबरोबर जवळजवळ फुकट पडे, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे, हे मान्य. 'वी फिट'च्या दोन आवृत्त्या धरल्या तर आणखी ४ कोटी ३८ लाख. घरात एक-दोन गेम घेणारे कुटुंब यजमानाचाच गेम घेऊन थांबते. वर्षानुवर्षे किंमत न उतरवता विकले जाणारे हे गेम शेजारी असताना बाहेरच्याने ५० डॉलरचा दुसरा गेम घेऊन उभे राहायचे, त्यापेक्षा २० डॉलरचा किरकोळ गेम आजीच्या हाती देणे सोपे.

तरीही काहींनी प्रयत्न केला. कॅपकॉमने २००७ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ४' वीवर आणला आणि तो दहा लाखांवर खपला. तो होता मुळात गेमक्यूबचाच, म्हणजे कमी खर्चाचा आणि तरी उत्तम. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याच कंपनीने 'मॉन्स्टर हंटर ३' प्लेस्टेशन ३ वरून हलवून वीवर आणत असल्याचे जाहीर केले, आणि कारण दिले प्लेस्टेशन ३ वरच्या वाढत्या खर्चाचे. तीच काटकसर एका कंपनीच्या हातून कचरा काढते आणि दुसरीच्या एका मोठ्या मालिकेतला पुढचा गेम तुमच्या दारात आणून ठेवते. कॅपकॉमच्या बाबतीत तर हात एकच होता. कारण 'डेड रायझिंग'ची २००९ ची वी आवृत्ती म्हणजे 'रेसिडेंट ईव्हिल ४' च्या जुन्या इंजिनात कोंबलेला, गर्दी कापून टाकलेला अवशेष.

२००९ मध्ये सेगाने प्लॅटिनम गेम्सकडून 'मॅडवर्ल्ड' बनवून घेतला आणि ईएने 'डेड स्पेस एक्स्ट्रॅक्शन' आणला. दोन्ही मेहनतीने केलेले, दोन्ही आपटले. वीवर मोठ्यांचे गेम चालत नाहीत याचा पुरावा म्हणून पुढे वर्षानुवर्षे या दोघांकडे बोट दाखवले गेले. मला हा पुरावा कच्चा वाटतो. ईएने मूळ 'डेड स्पेस' वीवर आणलाच नव्हता. आणला तो ठरलेल्या वाटेने सरकत नेम मारायचा जोडगेम. खऱ्या मालाऐवजी सोबतचा माल ठेवायचा आणि गिऱ्हाईक फिरकले नाही की बाजारच नाही म्हणायचे, याला परीक्षा म्हणत नाहीत. पण हिशेबनिसाला एवढे बारकावे लागत नाहीत. त्याने खाते बंद केले.

कमी खर्च म्हणजे वाईट गेम, असेही नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये युबिसॉफ्टच्या पॅरिस स्टुडिओने 'जस्ट डान्स' काढला. एका सशांच्या गेममधल्या छोट्या नाचाच्या खेळातून तो सुचला होता. रिमोट हातात धरून पडद्यावरच्या आकृतीप्रमाणे नाचायचे, बस. त्याची दरवर्षी नवी आवृत्ती निघत राहिली. 'जस्ट डान्स २०२०' वीसाठीही आला, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, यंत्र विकायचे बंद होऊन वर्षे लोटल्यावर. जपानमध्ये डी३ कंपनीची 'सिंपल २०००' ही दोन हजार येनच्या गेमची मालिका प्लेस्टेशन २ वर चालली, आणि तिच्यातल्या २००३ च्या एका गेममधून 'अर्थ डिफेन्स फोर्स' ही आजही चालू असलेली मालिका जन्मली.

या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. हा रोग एकट्या निन्टेंडोचा नाही. जिथे यंत्रे घरोघर पोचली आहेत आणि बनवण्याची साधने जुनी, स्वस्त झाली आहेत, तिथे कमी खर्चाचे गेम जातात. भारतातही हेच झाले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा 'हनुमान: बॉय वॉरियर' आला २००९ मध्ये आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा गल्ली क्रिकेटवरचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही प्लेस्टेशन २ वर. तोवर प्लेस्टेशन ३ ला तीन वर्षे झाली होती, पण आपल्याकडच्या घरांत होते ते जुने यंत्र, आणि त्याच्यावर हात साफ करणे आपल्या स्टुडिओंना परवडत होते.

वीनंतरचे वी यू २०१२ मध्ये आले आणि १ कोटी ३६ लाखांवर संपले. २०११ मध्ये निन्टेंडोच्या व्यासपीठावर उभे राहून रिचिटिएलोंनी अभूतपूर्व भागीदारीची भाषा केली होती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या मोजक्या गेमनंतर ईएने हात आखडता घेतला. मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचे पुढचे यंत्र, स्विच, आले. यावेळी यंत्रात एनव्हिडियाची सर्वत्र चालणारी चिप होती, अनरियल ४ आणि युनिटी ही इंजिने पहिल्यापासून उपलब्ध होती, आणि 'स्कायरिम', 'द विचर ३' असे मोठे गेम त्याच्यावर आलेही. जिथे साहित्य पुन्हा वापरता येते तिथे बाहेरचे येतात, हे दोन दशकांचे गणित पुन्हा बरोबर ठरले.

जिथे वापरता येत नव्हते तिथे जुनेच घडले. ईएचे फुटबॉलचे गेम फ्रॉस्टबाइट इंजिनावर गेले होते आणि ते इंजिन स्विचवर नव्हते. 'फिफा १८' आणि 'फिफा १९' वेगळे इंजिन वापरून काढले. 'फिफा २०' पासून स्विचवर 'लेगसी एडिशन' सुरू झाली. नवे गणवेश, नवे संघ, खेळ मात्र 'फिफा १९' चाच, नवी भर किंवा लक्षणीय सुधारणा काही नाही, हे कंपनीने विक्रीच्या माहितीतच लिहून टाकले.  'फिफा २३' पर्यंत चार वर्षे हेच चालले. २९ सप्टेंबर २०२३ रोजी आलेला 'एफसी २४' हा स्विचवर फ्रॉस्टबाइट वापरणारा ईएचा पहिला फुटबॉल गेम. तोवर स्विच बाजारात येऊन साडेसहा वर्षे झाली होती आणि १२ कोटींहून जास्त यंत्रे विकली गेली होती.